बघ्यांच्या गर्दीत

मोबाइल घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे रेंज नाही, आणि चुकून खिशातून काढलात तर चौकशांना उत्तरं देता देता जीव मेटाकुटीला येईल. टोपी मात्र विसरू नका. ऑगस्ट आहे, म्हणून गवताची, सपाट माथ्याची. बोडक्या डोक्याने रस्त्यावर उतरलात तर लोक वळून वळून बघतील. बायकांनाही टोपी चुकलेली नाही, शिवाय लांब पायमोजे. एवढ्या उकाड्यात मोजे कशाला, हे मला विचारू नका. तिथल्या बायकाही तेच विचारतात आणि घालतात. खिशात पाच सेंटची नाणी खुळखुळू द्या. निकेल म्हणतात त्यांना. भुयारी गाडी एका निकेलमध्ये, कॉफी एका निकेलमध्ये, हॉट डॉगसुद्धा एका निकेलमध्ये.

चला.

साल १९४१, शहर न्यूयॉर्क, दुपारचे चार. थर्ड ॲव्हेन्यूवरून, रस्त्याच्या डोक्यावर लोखंडी खांबांवर उभारलेल्या रुळांवरून, गाडी खडखडत आली आणि तुम्हाला तेविसाव्या रस्त्याच्या स्टेशनात सोडून गेली. आता जिना उतरा. कठड्याला हात लावू नका, भाजेल. खाली अख्खा रस्ता रुळांच्या सावलीत आहे. ऊन फटींमधून पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडतं आणि चालणारी माणसं क्षणात उजळतात, क्षणात काळवंडतात. घामावर काजळी बसते, ती पुसायला जाल तर आणखी पसरते. इथल्या लोकांची एक गंमत बघा. बोलता बोलता वरून गाडी आली की माणूस वाक्याच्या मधेच थांबतो, गाडी जाऊ देतो आणि त्याच शब्दापासून पुढे सुरू होतो. ऐकणारासुद्धा तोवर चेहरा तसाच धरून उभा राहतो.

दोन चौक खाली उतरा, एकविसाव्या रस्त्याने पश्चिमेकडे वळा. वाटेत डाव्या हाताला एक देखणी बाग लागेल, ग्रॅमर्सी पार्क. आत गार सावली, बाकडी. आत शिरायचा विचार सोडा. फाटकाला कुलूप आहे आणि चावी फक्त भोवतालच्या घरांत राहणाऱ्यांकडे. गजांतून नाक घालून तेवढी हिरवळ हुंगा आणि पुढे व्हा. ३१ नंबरची इमारत आली की जिना चढायचा आहे.

वर पोचताच पहिल्यांदा वास येतो. व्हिनेगरसारखा आंबूस, नाकात चढणारा. तो डार्करूममधून येतोय, कारण ही काही पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीची, कुजबुजत बोलायची आर्ट गॅलरी नाही. ही फोटो लीग आहे. दिवसा पोटापाण्याचं काम करणारी पोरंपोरी संध्याकाळी इथे जमतात, मामुली वर्गणी भरतात, एकमेकांच्या फोटोंच्या चिंध्या करतात आणि रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. बेरेनिस ॲबट, पॉल स्ट्रँड अशी मोठी नावं या संस्थेशी जोडलेली आहेत, पण खुर्च्या मात्र डुगडुगत्याच. पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय. सिगारेटचा धूर छताखाली साचलाय. शर्टाच्या बाह्या दुमडलेली मंडळी भिंतींपुढे दाटीवाटीने उभी आहेत आणि भिंतीवर हाताने रंगवलेल्या अक्षरांत लिहिलंय: ‘मर्डर इज माय बिझनेस’.

खून हा माझा धंदा. प्रदर्शनाला असं नाव द्यायला छाती लागते.

चौकटी नाहीत, काचा नाहीत. पुठ्ठ्यांवर डकवलेले फोटो. फुटपाथवर पालथे पडलेले पुरुष, वर्तमानपत्रांनी झाकलेले पुरुष, पोलिसांच्या गाडीतून उतरताना टोपीआड तोंड लपवणारे पुरुष. जवळ जा. आणखी जवळ. फोटो तर काळेपांढरे, मग हा लाल ओघळ कुठला? बोट लावून बघायचा मोह होईल. लावू नका. ते नेलपॉलिश आहे. छायाचित्रकाराने बाटली आणून स्वतःच्या हाताने रक्त काढलंय. शेजारची चष्मेवाली मुलगी नाक मुरडते, पण पाय हलवत नाही. सवंग आहे, यात वाद नाही. मलाही ते सवंगच वाटतं आणि त्याच वेळी असंही वाटतं की हा माणूस स्वतःच्या धंद्याची टर उडवतोय.

तोच माणूस, बघा, कोपऱ्यात उभा आहे. आडवा बांधा, चुरगळलेला कोट, तोंडात चघळून चघळून ओला झालेला सिगार. खिसे फुगलेत, त्यात फ्लॅशचे बल्ब आहेत. नाव आर्थर फेलिग, पण ते आता फारसं कुणी वापरत नाही. सगळं शहर त्याला वीजी म्हणतं. स्वतःचा मान स्वतः ठेवण्यात तो कमी पडत नाही. त्याच्या छापील फोटोंच्या पाठीवर रबरी शिक्का असतो, ‘क्रेडिट फोटो बाय वीजी द फेमस’. कुणी पदवी देईपर्यंत कोण थांबतो!

तुम्ही आला होता प्रेतं बघायला. खोटं कशाला बोला. मग आता एका फोटोपुढे जरा थांबा. या भिंतींवर नेमका कोणता फोटो कुठे होता याचा हट्ट धरू नका. तुमच्या सोयीसाठी मी एक इथे टांगतो. ‘बाल्कनी सीट्स ॲट अ मर्डर’, १९३९ सालचा, प्रिन्स स्ट्रीटवरचा. छोट्याशा इटालियन कॅफेच्या दारात कुणी मरून पडलंय. इतर छायाचित्रकार त्या दाराशी गर्दी करून प्रेत टिपून गेले. वीजी मात्र रस्त्यात उलटा चालत मागे गेला, चांगला शंभर फूट, आणि अख्ख्या इमारतीचा फोटो घेतला. आता बघा. प्रेत कुठे आहे ते शोधावं लागतं. डोळा जातो तो खिडक्यांकडे. प्रत्येक खिडकीत माणसं. आगीतून सुटायच्या लोखंडी जिन्यांवर माणसं. कठड्यावर कोपरं टेकलेली, पोरं मांडीवर घेतलेली. आपापल्या जागा धरून बसलेली. खाली हॅट घातलेले डिटेक्टिव्ह, आणि वर हा भरगच्च प्रेक्षागृहाचा देखावा.

आणि या फोटोपुढे उभे तुम्ही, शेजारची चष्मेवाली मुलगी आणि मागून मान लांब करून बघणारा तो उंच गडी. तिकिटाची रांग लांबतच चाललीय म्हणायची.

संध्याकाळ झाली. वीजी निघाला, त्याच्या मागे व्हा. खाली त्याची १९३८ ची शेव्हरोले उभी आहे. पुढे बसण्याआधी डिकीत डोकावून घ्या, ही संधी पुन्हा नाही. टाइपरायटर. फ्लॅशबल्बची खोकी. फिल्मचे होल्डर. सिगारचा डबा. अग्निशामकवाले घालतात तसे गुडघ्यापर्यंतचे बूट. बदलायची अंतर्वस्त्रं. आणि सलामी, म्हणजे मसाल्याचं सुकवलेलं मांस, आख्खी नळी. तिचा लसणाचा वास बंद डिकीत दिवसभर शिजलाय. गाडीत रेडिओ आहे, पण गाण्यांचा नाही. पोलिसांच्या बिनतारी संदेशांचा. खाजगी माणसाच्या गाडीत असा रेडिओ ठेवायची परवानगी त्याने मिळवलीय, म्हणून कित्येकदा तो पोलिसांच्या आधी पोचतो आणि लोकांना वाटतं याला भुतं येऊन सांगतात.

गाडी दक्षिणेकडे चाललीय. खिडकी उघडी असली तरी वारा नाही. चौकाचौकात नाकाला नवं काहीतरी लागतं: घोड्याची लीद, भाजलेली कॉफी, गटार, पिठीसाखर लावलेला तळणीचा पदार्थ. मग सेंटर मार्केट प्लेस नावाची चिंचोळी गल्ली येते. एका अंगाला पोलीस मुख्यालयाची घुमटवाली, राजवाड्याच्या थाटाची इमारत. समोर, म्हणजे तिच्या पिछाडीला, बंदुकांची दुकानं. एका दुकानावर लाकडाचं प्रचंड रिव्हॉल्व्हर पाटी म्हणून टांगलंय. त्याच्या नळीचा रोख मुख्यालयाकडे. वीजीची खोली इथेच. एक खाट, एक खिडकी, भिंतीवर वर्तमानपत्रांतली त्याच्या फोटोंची कात्रणं. उशाशी रेडिओ. अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचं, कारण प्रेत आंघोळीची वाट बघत नाही.

दोन खुनांचे ३५ डॉलर. ‘टाइम’ कंपनीकडून आलेली अशी एक पावती होती, तिचाही त्याने फोटो काढून ठेवला. एकाचे साडेसतरा पडतात.

तो लवंडलाय तोवर तुम्ही बाहेर पडा. पूर्वेला चालत पंधरावीस मिनिटांत लोअर ईस्ट साइड. त्याचं बालपण इथलंच. दहा वर्षांचा असताना पूर्व युरोपातल्या झोलोचिव्ह गावातून तो इथे आला, बापाने हातगाडी लावली, आणि पोराने शाळा लवकर सोडली. पुढे त्याने एक तट्टू भाड्याने घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी गल्लोगल्ली हिंडून धुतल्या कपड्यांतल्या पोरांना त्यावर बसवून फोटो काढले. तट्टाचं नाव हायपो. डार्करूममधल्या रसायनाचं नाव जनावराला! चेहरे गोरेपान दिसावेत म्हणून तो फोटो मुद्दाम कडक कागदावर छापायचा. आयांना तेच आवडायचं. फोटो खपायचे, पण तट्टाचा खुराक कमाईला पुरून उरला. शेवटी तट्टू गेलं, कॅमेरा राहिला.

आता नाक, कान आणि त्वचा, तिन्ही तयार ठेवा.

सहा-सहा मजल्यांच्या विटांच्या इमारती दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकल्यात. दिवसभर तापलेल्या विटा आता उष्णता परत करताहेत; भिंतीजवळून चाललात तर गालाला धग लागते. पिंपांतल्या खारवलेल्या काकड्यांचा आंबट दर्प, हेरिंग माशाचा उग्र वास, कुणाच्या तरी चुलीवर कोबी उकळतोय त्याचा आणखी उग्र. हातगाड्या पूर्वीइतक्या नाहीत, मेयर ला गार्डियांनी पुष्कळशा एसेक्स स्ट्रीटच्या नव्या मंडईत छताखाली नेऊन बसवल्या. पण आरोळ्या छताखाली जात नाहीत. यिडिश, इटालियन, पोलिश आणि या सगळ्यांतून घासून निघालेली इंग्रजी. पायऱ्यांवर बायका मांड्या फाकून, पदर नाही म्हणून रुमालाने वारा घेत बसल्यात. पुरुष बनियनवर. दोघे जण खोक्यावर पत्ते कुटताहेत आणि तिसरा उभ्याउभ्या दोघांनाही सल्ला देतोय.

पुढच्या कोपऱ्यावर पाण्याचा फवारा! कुणा थोरल्या पोराने पाना लावून अग्निशामकाचा नळ उघडलाय. पाणी रस्त्यावर धबाधबा आडवं उसळतंय आणि वीसतीस पोरं त्यात शिरलीत, कपड्यांनिशी, बिनकपड्यांची, एक तर बुटांसकट. एवढ्या किंकाळ्या की घोडागाडीचा बर्फवालाही थांबलाय. त्याच्या गाडीच्या मागून बर्फाचे तुकडे पळवले जाताहेत, त्याला कळतंय, तो मुद्दाम दुसरीकडे बघतोय. तुम्हीही एक तुकडा उचला. त्यावर भुसा चिकटलाय, पुसून तोंडात टाका. दात कळवळतील. मग पोलीस येईल, नळ बंद करेल, पोरं त्याला शिव्या देतील, तो कोपऱ्यावरून वळला की पाना पुन्हा बाहेर निघेल.

रात्री दहाला घरात शिरा. कुणाच्या? कुणाच्याही, दारं उघडीच आहेत. जिन्यात अंधार, मांजराचा वास, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना सामाईक संडास. स्वयंपाकघराच्या मधोमध न्हाणीचा टब आहे. त्यावर फळी टाकली की जेवणाचं टेबल. आज आंघोळ की जेवण, हे आधी ठरवावं लागतं. आतल्या खोलीची खिडकी हवेच्या चिंचोळ्या खोबणीत उघडते. हवा येत नाही, शेजाऱ्यांचं भांडण मात्र शब्दन् शब्द येतं. पाचच मिनिटांत पाठीवरून घामाची धार सुटेल.

म्हणून सगळे बाहेर निघालेत. गाद्या, उशा, चादरी, तान्ही मुलं, सगळी वरात खिडकीतून लोखंडी जिन्यावर. कायद्याने हा जिना आगीच्या वेळी पळून जायला मोकळा ठेवायचा असतो. प्रत्यक्षात ती आपल्या चाळीची गॅलरीच आहे: लोणच्याची बरणी, वाळत घातलेले कपडे, मोडकी खुर्ची आणि झोपलेली माणसं. काही जण गच्चीवर गेलेत, तिथे डांबर अजून मऊ आहे आणि चादर त्याला चिकटते.

‘‘उभे का? आडवे व्हा,’’ म्हातारी गादीच्या कडेला सरकते. तुम्ही कोण, कुठले, तिने विचारलेलंच नाही. जागा हातभर. खालच्या लोखंडी पट्ट्यांचे वळ बरगड्यांवर उठतील. एका पोराचा पाय तुमच्या पोटावर, दुसऱ्याच्या कुशीत मांजराचं पिल्लू. खाली कुठेतरी हार्मोनिका. पलीकडच्या इमारतीतल्या रेडिओतून बँड वाजतोय, तोच सूर तीन खिडक्यांतून तीन वेगवेगळ्या उंचीवरून येतोय.

याच मे महिन्यात, अशाच उकाड्यात, वीजीने अशाच एका जिन्यावर झोपलेल्या पोरांचा फोटो काढलाय. एकमेकांवर रचल्यासारखी, अर्धी उघडी पोरं. त्या पोरांना त्याने तसं निजवलं होतं का, यावर जाणकारांत वाद चालतात. फ्लॅशच्या उजेडात एवढी पोरं एवढी गाढ झोपतील, हे पटणं कठीणच. पण आता तुम्ही इथे आहात. बरगडीखालची पट्टी खरी आहे ना? मग झालं.

पहाटे तीन. खालून हॉर्न.

वीजी आलाय. कपडे तेच, सिगार नवा. रेडिओवर पत्ता सांगितला गेलाय. धावत उतरा, बूट हातात घ्या. रिकाम्या रस्त्यांवरून गाडी सुसाट जाते आणि या प्रवासात पहिल्यांदा तोंडावर वारा लागतो. मग ती थांबते.

माणसं आधीच जमलीत. तीन वाजता! पायजम्यात, झोपेच्या झग्यात, केसांना कागदाच्या गुंडाळ्या लावलेल्या. मुलं सगळ्यात पुढे, पोलिसाच्या पायांमधून. कुणीतरी पीच खातंय, रस मनगटावरून ओघळतोय. तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुम्ही खांद्याने वाट काढता. हो, तुम्हीच. मघाशी प्रदर्शनात सवंगपणावर नाक मुरडणारे. पुढच्या बाईच्या केसांना कांद्याचा वास. तिच्या खांद्यावरून मान उंचावली की दिसतात दोन बूट, टाच झिजलेले, बोटं आभाळाकडे. उरलेला माणूस आजच्याच वर्तमानपत्राखाली. हातभर अंतरावर त्याची टोपी पडलीय, अगदी नीट, कुणी काढून ठेवावी तशी.

‘‘कोण होता?’’

‘‘कोपऱ्यावरच्या दुकानातला.’’

‘‘छे, तो नाही. तो परवाच मला भेटला.’’

‘‘परवा भेटला म्हणजे आज मरणार नाही का?’’

आता वीजीच्या हातांकडे बघा. कॅमेरा स्पीड ग्राफिक, चार बाय पाच इंचाची फिल्म घेणारा, दोन्ही हातांत धरावा लागेल असा लोखंडी जडपणा. ॲपर्चर एफ सोळावर, अंतर दहा फुटांवर. हे आकडे त्याने ठरवूनच टाकलेत, दर वेळी जुळवत बसायची भानगड नको. दहा फुटांत जे येईल ते लख्ख, त्यामागे काळोख; त्याच्या फोटोंतली ती गडद, मखमली रात्र या आळसातून आलीय. खिशातून बल्ब निघतो. बुडाला जिभेचा ओला स्पर्श, म्हणजे वीज नीट लागते. बल्ब खोबणीत. होल्डरची पट्टी बाहेर. शटर ताणलं. एक फोटो प्रेताचा, तेवढा पोटासाठी.

मग तो वळतो.

प्रेताकडे पाठ, गर्दीकडे तोंड. दहा फूट. तुम्ही सरकायला बघता, पण मागून रेटा आहे.

पांढरं. सगळं पांढरं. आवाज नुसता फट् एवढाच, पण डोळ्यांत काहीतरी ओतल्यासारखं होतं आणि मग पापण्यांच्या आत हिरवा-जांभळा डाग तरंगत राहतो. गालावर क्षणभर ऊब. जळक्या धातूचा वास. वापरलेला बल्ब तो झटक्यात काढून टाकतो. काच फोडांनी भरलीय, अजून कढत. एक पोरगा बाहीत धरून तो उचलतो आणि पळतो.

त्या एका क्षणात तुमचा चेहरा कसा होता? भीती होती, कीव होती, का नुसती उत्सुकता? तोंड उघडं होतं का? तुम्हाला आठवणार नाही. फिल्मला आठवेल.

अजून दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, ब्रुकलिनच्या एका रस्त्यावर तो हेच करणार आहे. शाळेतली पोरं, जवळच गोळी घालून मारलेला माणूस. पुढे ‘देअर फर्स्ट मर्डर’ या नावाने गाजलेल्या त्या फोटोत मधोमध मृताची नातलग बाई हंबरडा फोडतेय आणि तिच्याभोवती पोरं एकमेकांना ढकलताहेत, मान लांब करताहेत, एक तर चक्क हसतोय. प्रेत चौकटीत नाहीच. मला विचाराल तर त्या नेलपॉलिशच्या दहा बाटल्यांपेक्षा हा एक फोटो जास्त अंगावर येतो.

पहाट फुटतेय. निगेटिव्ह धुतली जाईल, ओले छाप संपादकांच्या टेबलांवर जातील, टेबलं पुष्कळ आहेत कारण शहरात दैनिकं पुष्कळ आहेत. तुम्हाला मात्र आता समुद्र हवाय. रात्रभराचं काही अंगावरून धुवायला नको?

इथे मी कॅलेंडरशी थोडी लबाडी करतो. एक वर्ष मागे, जुलै १९४०, रविवार. निकेल टाका, गाडीत शिरा. विणलेल्या वेताची आसनं, उघड्या मांड्यांना टोचणारी. तासाभराने शेवटचं स्टेशन, कोनी आयलंड. दारं उघडली की उतरायचं नसतं, नुसतं उभं राहायचं, गर्दी उतरवते. मोहरी, तळलेलं तेल, खारा वारा, गरम साखर. नेथन्स या हॉट डॉगच्या दुकानाच्या काउंटरवर लोक पाच-सहा रांगांच्या मागून हात लांब करून निकेल दाखवताहेत. तुम्हीही दाखवा. सॉसेजची कातडी दाताखाली फुटते आणि गरम चरबी हनुवटीवर येते.

आता वाळू. कुठे आहे? दिसत नाहीय. म्हणे दहा लाखांच्या वर माणूस आलंय आज. चटई टाकायला जागा शोधत तुम्ही माणसांच्या हातापायांमधून पाऊल टाकता, ‘सॉरी’ म्हणता, पुन्हा टाकता. खोबरेल, घाम, ओल्या लोकरीच्या पोहण्याच्या कपड्यांचा कुबट वास. मागे सायक्लोन या रोलर कोस्टरच्या उंचसखल रुळांवरून किंकाळ्यांची लाट येते आणि विरते. हरवलेलं एक पोर भोकाड पसरून रडतंय, आणि दहा बायका एकाच वेळी त्याचं नाव विचारताहेत. तापमान ३२ अंश. अकोल्याच्या वाचकांना हसू येईल, येऊ द्या. इथे शेजाऱ्याचा खांदा तुमच्या खांद्याला चिकटलाय आणि तो सोलवटतोय.

आणि मग कुठूनतरी, उंचावरून, आरोळ्या. एक जाडा माणूस, तोंडात सिगार, हातात तो अवजड कॅमेरा. नाचतोय. अक्षरशः नाचतोय, ओरडतोय, हातवारे करतोय. हे काय खूळ, म्हणून जवळची माणसं मान वर करतात. त्यांना बघून मागची, त्यांच्या मागची, पार पाण्यापर्यंत. कुणी हात हलवतं, कुणी पोराला खांद्यावर घेतं, एकाने तोंड वेडावलं. तुम्हीही टाचा उंचावल्यात. आज कुणी मेलेलं नाही. तरी सगळे बघताहेत, आणि तोही बघतोय, आणि कुणालाच हटायचं नाही.

सोमवारी ‘पीएम’ या दैनिकात तो फोटो छापून आलाय. ‘पीएम’ जाहिराती घेत नाही, म्हणून बाकीच्यांपेक्षा महाग, एक निकेल. आणि तुमच्या खिशात परतीच्या गाडीपुरतं एकच नाणं उरलंय. तुम्ही स्टॉलवर उभ्याउभ्या पान उलगडता. चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेहरेच चेहरे. तुम्ही सायक्लोनच्या बाजूला होतात, नाही का? की पाण्याच्या जवळ? तिथे टोपीवाली बाई होती, तिच्या डावीकडे सोलवटलेला खांदा, त्याच्या मागे… नाक कागदाला लागेपर्यंत वाकलात की चेहरे नाहीसे होतात, राहतात नुसते छपाईचे काळे ठिपके. पुन्हा जरा लांब धरता. हा? नाही, याला मिशी आहे. मग तो? मागे दोघे जण तुमच्या खांद्यावरून वाकून बघायला लागलेत. त्यातला एक बोट ठेवून सांगतोय की हा मी, हा बघ मी, आणि दुसरा त्याला वेड्यात काढतोय.

‘‘ओ मिस्टर,’’ स्टॉलवाला पेन्सिलने फळी वाजवतो, ‘‘घेणार आहात, की तिघं मिळून पाठ करणार?’’